विषातून वाचलेल्यांची पीयूषिका

महाराष्ट्र सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सर्पदंशाला अपघात मानते. साप चावून शेतकरी दगावला तर वारसांना दोन लाख रुपये मिळतात. दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेले तरी दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. योजना गरजेची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. मात्र साप चावल्यावर शरीरातला आणखी एक अवयव जाऊ शकतो आणि तो गेल्याचं बाहेरून कुणालाही दिसत नाही. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका म्हणतात, डॉक्टर पिट्यूटरी म्हणतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. घोणस चावलेल्या काही माणसांचा जीव वाचतो, हातपाय शाबूत राहतात, मूत्रपिंडंही डायलिसिसनंतर पुन्हा कामाला लागतात आणि ही ग्रंथी मात्र मरून गेलेली असते. अशी किती माणसं आपल्या राज्यात आहेत हे कुणी मोजलेलं नाही. ते मोजणं हे या घडीचं फार महत्त्वाचं वैद्यकीय संशोधन आहे आणि ते महाराष्ट्राने करायला हवं, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

पीयूषिका स्वतः फारसं काम करत नाही, ती इतरांकडून करून घेते. गळ्यातल्या थायरॉइडने किती संप्रेरक (हार्मोन) सोडायचं, मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी ताण सोसायला लागणारं कोर्टिसोल कधी वाढवायचं, स्त्रीचं बीजकोष आणि पुरुषाचं वृषण कसं चालायचं, बाळंतिणीला दूध यायचं की नाही, मुलाची उंची वाढायची की नाही, हे सगळे हुकूम तिच्याकडून सुटतात. ती मेली की बाकीच्या ग्रंथी धडधाकट असूनही गप्प बसतात. माणूस लगेच मरत नाही. तो हळूहळू विझत जातो, वर्षानुवर्षं.

घोणसचं विष रक्तावर हल्ला करतं. रक्त गोठवणारे जे घटक आपल्या शरीरात शांत पडून असतात, त्यांतल्या दहाव्या आणि पाचव्या घटकाला हे विष एकदम चेतवतं. शरीरभर सूक्ष्म गुठळ्या होतात, त्यात गोठवणारा सगळा साठा संपून जातो, आणि मग रक्त गोठेनासंच होतं. हिरड्यांतून, लघवीतून, दंशाच्या जागेतून ते झिरपत राहतं. ग्रामीण रुग्णालयात काचेच्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवतात आणि नळी तिरकी करून बघतात. रक्त वाहिलं तर प्रतिविषाच्या बाटल्या सुरू होतात. या गदारोळात पीयूषिकेवर तिहेरी संकट येतं. तिला रक्तपुरवठा कमी दाबाच्या बारीक वाहिन्यांतून होतो, तिथे गुठळ्या अडकतात. विषामुळे केशवाहिन्या पाझरू लागतात, ग्रंथी सुजते, पण भोवती हाड असल्याने सुजायला जागा नसते. आणि कधी थेट ग्रंथीतच रक्तस्राव होतो.

ही माहिती नवी नाही. दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकातच घोणस चावल्यानंतर पीयूषिका निकामी झालेल्या रुग्णांची नोंद केली होती. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ब्रह्मदेशातल्या डॉक्टरांनी, ऑक्सफर्डच्या डेव्हिड वॉरेल यांच्यासह, अशा रुग्णांचा सविस्तर अभ्यास छापला. काहींची ग्रंथी दंशानंतर लगेच कोलमडली होती, काहींचा ऱ्हास उशिरा ध्यानात आला होता. त्यानंतर भारतातल्या निरनिराळ्या रुग्णालयांतून तुरळक रुग्णांचे अहवाल आणि छोटे अभ्यास येत राहिले आहेत. म्हणजे रोग माहीत आहे, कारण माहीत आहे, उपचार तर फार पूर्वीपासून माहीत आहेत. या सगळ्याची गाठ ज्याच्याशी पडायला हवी, तो शेतमजूर तेवढा कुणाला माहीत नाही.

त्याचं पुढे काय होतं? दवाखान्यातून घरी आल्यावर महिना-दोन महिने घरचे म्हणतात, विष होतं अंगात, शक्ती यायला वेळ लागेल. शक्ती येत नाही. भूक मंदावते, वजन उतरतं, थंडी सोसत नाही. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी पुरते आणि पुढे तेवढीही वाढत नाही. बायकोजवळ जावंसं वाटत नाही आणि हे तो कुणालाही सांगत नाही. बाईला चावलं असेल तर पाळी थांबते, वय पस्तीस असलं तरी लोक म्हणतात, लवकर गेली. शाळकरी मुलाला चावलं असेल तर उंची अडते, वयात येणं लांबतं. मग एखाद्या दिवशी साध्या तापात किंवा जुलाबात माणूस बेशुद्ध पडतो, रक्तातलं सोडियम घसरलेलं असतं, साखर खाली गेलेली असते. तालुक्याला नेतात, सलाईन लावतात, बरोबर एखादं इंजेक्शन देतात. त्या इंजेक्शनात पुष्कळदा स्टेरॉइड असतं, म्हणजे कोर्टिसोलची जागा घेणारं औषध. शरीराला नेमकं तेच हवं असतं, म्हणून माणूस दोन दिवसांत उठून बसतो. घरच्यांना वाटतं सलाईनने गुण आला. चार आठवड्यांनी पुन्हा तेच. मला या सलाईनचं फार वाईट वाटतं, कारण उत्तर त्याच खोलीत, त्याच सुईतून जात असतं आणि प्रश्न काय होता हे देणाऱ्यालाही कळलेलं नसतं.

गावाला या खचलेल्या माणसाचं निदान करायला वेळ लागत नाही. कुणी म्हणतं आळशी झाला, कुणी म्हणतं दारू पीत असेल, कुणी देवाचं काही राहिलंय म्हणतं. दंश झाला तेव्हा जो डॉक्टर होता त्याची बदली झालेली असते. आताचा डॉक्टर साप चावला होता का असं विचारत नाही, कारण अशक्तपणाचा आणि चार वर्षांपूर्वीच्या सापाचा संबंध त्याला कुणी शिकवलेला नसतो. रुग्णही आपण होऊन सांगत नाही, त्याच्या लेखी ते प्रकरण तेव्हाच मिटलेलं असतं.

घोणस जे करते ते बाळंतपणातला रक्तस्रावही करतो. गरोदरपणात पीयूषिका फुगते, तिची रक्ताची गरज वाढते, आणि प्रसूतीनंतर एकाएकी खूप रक्त गेलं की तिचा पुरवठा तुटतो. ग्लासगोतले डॉक्टर हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे नीट मांडलं, त्यांच्या नावानेच हा विकार ओळखला जातो. श्रीमंत देशांत तो आता क्वचितच दिसतो, कारण तिथे रक्त वेळेवर मिळतं. आपल्याकडे काय स्थिती आहे? याचं एकच ठोस उत्तर आपल्यापाशी आहे आणि ते काश्मीरमधून आलेलं आहे. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर वैद्यकीय विज्ञान संस्थेतल्या अब्दुल हमीद झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्यातल्या गावांत जाऊन बाळंतपण झालेल्या स्त्रियांची पाहणी केली आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. वीस वर्षांवरच्या अशा स्त्रियांमध्ये या विकाराचं प्रमाण सुमारे तीन टक्के निघालं आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश जणी घरी बाळंत झाल्या होत्या.

तीन टक्के हा आकडा थांबून वाचण्यासारखा आहे. जो रोग पाठ्यपुस्तकात दुर्मिळ म्हणून शिकवला जातो, तो गावात गेल्यावर शंभरात तीन निघाला. दुर्मिळ होतं ते गावात जाणं. महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यात अशी घरोघरी पाहणी झाल्याचं माझ्या वाचनात नाही. काश्मीरचा आकडा इथे तसाच लावता येणार नाही, तिथली परिस्थिती वेगळी होती. पण मेळघाटात, धडगाव-अक्कलकुव्यात, गडचिरोलीच्या आतल्या गावांत वीस-तीस वर्षांपूर्वी बाळंतपणं कुठे व्हायची आणि रक्त गेलं तर काय व्हायचं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या बायका आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्यातल्या ज्या ‘बाळंतपणापासून अशीच आहे’ या एका वाक्यात संपवल्या गेल्या, त्यांचं रक्त कुणी तपासलं का?

आता गाठींकडे वळतो, कारण पीयूषिका म्हटलं की वैद्यकाला आणि वृत्तपत्रांना गाठच आठवते. डोक्याच्या कवटीत होणाऱ्या गाठींपैकी साधारण १० ते १५ टक्के या ग्रंथीच्या असतात आणि बहुतेक कर्करोगाच्या नसतात. त्यांच्यावरच्या संशोधनाचा इतिहास खरोखर दिमाखदार आहे. १८८६ मध्ये फ्रान्सच्या पिएर मारी यांनी हात, पाय, जबडा वाढत जाणाऱ्या रुग्णांचा विकार वेगळा ओळखून त्याला अ‍ॅक्रोमेगली हे नाव दिलं. अमेरिकेतले हार्वी कुशिंग या ग्रंथीच्या मागेच लागले आणि १९३२ मध्ये त्यांनी तो विकार मांडला, ज्यात इवल्याशा गाठीमुळे कोर्टिसोल बेसुमार वाढतं, चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात. नाकावाटे शस्त्रक्रिया करण्याची वाट १९०७ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला उघडली, पुढे माँट्रियलच्या ज्यूल्स हार्डी यांनी तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक सोडणारी गाठ तर गोळ्यांनी आकसते, चाकू लावावाच लागत नाही. पीयूषिकेला मेंदूकडून येणारे हुकूम कोणत्या रेणूंचे असतात हे शोधण्यासाठी रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांनी लाखो मेंढ्या-डुकरांच्या मेंदूचे तुकडे गाळले आणि रोझलिन यॅलो यांच्यासह १९७७ चं नोबेल मिळवलं. यॅलो यांच्या पद्धतीमुळेच रक्तातली संप्रेरकं मोजता येऊ लागली. आज मुंबईच्या केईएम रुग्णालयातला अंतःस्रावशास्त्र विभाग कुशिंगच्या विकारावर जे काम करतो, त्याची दखल जगभर घेतली जाते. सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत राहून हे काम होतं याचा मला मनापासून अभिमान आहे.

गाठीच्या संशोधनाला हे बळ मिळालं त्याला कारणं आहेत. गाठ एमआरआयमध्ये दिसते. ती काढता येते, काढल्याचं समाधान मिळतं, शोधनिबंधात आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी छापता येतं. तिच्यावरची इंजेक्शनं महाग आहेत, म्हणून त्यांच्या चाचण्यांना कंपन्या पैसा पुरवतात. मेलेल्या ग्रंथीच्या जागी एमआरआयमध्ये नुसती रिकामी खोबण दिसते आणि तिच्यावरची गोळी काही रुपयांत मिळते. त्या गोळीच्या मागे कोणतीही कंपनी उभी राहणार नाही. जिथे कुणाचा नफा नाही तिथलं संशोधन सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवं, नाहीतर ते होतच नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं ही जनतेच्या पैशावर चालतात, त्यामुळे ही जबाबदारी त्यांच्याकडे येते.

गाठीच्या इतिहासात एक प्रकरण असं आहे की त्याने माझा हा आग्रह पक्का केला. अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये चार्ल्स बर्न नावाचा प्रचंड उंचीचा तरुण होता. लंडनमध्ये लोक पैसे देऊन त्याला बघायला येत. १७८३ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी तो वारला. आपला देह समुद्रात बुडवावा अशी त्याची इच्छा होती, कारण शरीरशास्त्रज्ञांची नजर आपल्यावर आहे हे त्याला कळत होतं. जॉन हंटर या नामांकित शल्यचिकित्सकाने तरीही तो देह मिळवला, आणि बर्नचा सांगाडा दोन शतकांहून अधिक काळ संग्रहालयात उभा राहिला. १९०९ मध्ये कुशिंग यांच्या विनंतीवरून त्याची कवटी उघडली गेली, पीयूषिकेची खोबण मोठी झालेली सापडली, म्हणजे त्या उंचीमागे तिथली गाठ होती. इथपर्यंत हे विज्ञान त्या माणसाकडून फक्त घेत आलं होतं. मग २०११ मध्ये लंडनच्या मार्टा कोर्बोनिट्स आणि सहकाऱ्यांनी त्याच्या दातांतला डीएनए तपासला आणि उत्तर आयर्लंडमधल्या, अशा गाठी होणाऱ्या आजच्या काही कुटुंबांत जो जनुकीय बदल आढळतो तोच त्यात सापडला. सुमारे १५०० वर्षांपूर्वीच्या एका समान पूर्वजापर्यंत तो धागा जातो असा त्यांचा हिशेब आहे. तिथे न थांबता हे संशोधक त्या भागात गेले, सामान्य लोकांचे लाळेचे नमुने त्यांनी गोळा केले. मध्य अल्स्टरमध्ये साधारण दीडशे माणसांत एकाकडे हा बदल निघाला. ज्यांच्याकडे निघाला त्यांच्या मुलांची आता लहानपणीच तपासणी होऊ शकते, गाठ वाढण्याआधी पकडता येते. २०२३ मध्ये ते संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा बर्नचा सांगाडा प्रदर्शनातून काढलेला होता. तो समुद्रात दिलेला नाही, संशोधनासाठी राखला आहे, आणि ते मला पटत नाही. पण संग्रहालयातल्या हाडांपासून गावातल्या जिवंत माणसापर्यंत संशोधन पोचलं ही त्यातली मोलाची गोष्ट आहे. आपल्याकडे हा रस्ता फार सोपा आहे, कारण आपला रुग्ण शंभर किलोमीटरच्या आत राहतो आणि त्याचं नाव-गाव रुग्णालयाच्या वहीत लिहिलेलं आहे.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप येतो तो प्राधान्याचा. साप चावून माणसं मरतायत, आधी मरण थांबवा, वाचलेल्यांच्या संप्रेरकांचं नंतर बघू, असं कुणी म्हणेल. मरण थांबवायलाच हवं. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची प्रत्येक घटना आणि मृत्यू कळवणं बंधनकारक करावं असं राज्यांना सांगितलं. हे सगळं योग्य दिशेने आहे. पण या आराखड्याला यश आलं तर त्याचा अर्थ काय? जी माणसं पूर्वी मेली असती ती आता वाचतील. त्यांतली बरीच जण तीच असतील ज्यांचं रक्त गोठत नव्हतं, ज्यांची मूत्रपिंडं बंद पडली होती, म्हणजे पीयूषिकेला सर्वाधिक धोका असलेली. जितके जीव आपण वाचवू तितका हा प्रश्न वाढणार आहे. तो पुढे ढकलण्याची ही वेळच नव्हे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. इथे मात्र वैद्यकीय तपशिलात शिरावं लागेल, कारण खर्च वाचवण्याच्या नादात एक घातक चूक होते. आपल्याकडे थायरॉइड तपासायचं म्हणजे टीएसएच तपासायचं अशी सवय पडली आहे, तपासणी शिबिरांत आणि स्वस्त पॅकेजांत तेवढंच असतं. टीएसएच हा पीयूषिकेचा थायरॉइडला दिलेला हुकूम. पीयूषिकाच मेली असेल तर हा आकडा सामान्यही येऊ शकतो आणि थायरॉइड ठीक आहे असा शेरा पडतो. अशा रुग्णात टी-४, म्हणजे थायरॉइड स्वतः सोडते ते संप्रेरक, मोजावं लागतं. आणि टी-४ कमी आलं म्हणून थायरॉक्सिनची गोळी एकदम सुरू केली तर आणखी मोठा धोका. कोर्टिसोल आधीच अपुरं असतं, थायरॉक्सिनने शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कोर्टिसोल संपतं आणि रुग्ण कोसळतो. म्हणून आधी स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन, हा क्रम प्रत्येक एमबीबीएस डॉक्टरला झोपेतही सांगता आला पाहिजे.

या सगळ्याला लागतं काय? सकाळी आठच्या सुमाराला घेतलेल्या रक्तातलं कोर्टिसोल आणि टी-४. कोर्टिसोल दर डेसिलिटरला तीन मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर निदान जवळजवळ पक्कं, पंधरा-अठराच्या वर असेल तर बहुधा काळजी नाही, मधल्यांना पुढची चाचणी. त्या चाचणीला पाश्चात्त्य देशांत जे इंजेक्शन वापरतात ते इथे सहज मिळत नाही, म्हणून भारतीय डॉक्टरांनी अ‍ॅक्टॉन प्रोलाँगेटम हे इथे मिळणारं औषध त्या कामाला वापरता येतं का याचा अभ्यास केला आणि ते चालतं असं दाखवलं. मला हे संशोधन कोणत्याही महागड्या यंत्रावरच्या कामाइतकं मोठं वाटतं. उपचार म्हणाल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि थायरॉक्सिन, दोन्ही तालुक्याच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात, महिन्याला अगदी थोड्या पैशांत. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने गोळा करून मोफत तपासण्याची व्यवस्था राज्यात आहेच. तिथे सर्पदंशाच्या आणि बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या रुग्णांसाठी या दोन चाचण्यांची हमी द्यायची, एवढाच भार आहे. या उपचाराने जन्मभर झोपून काढायची आयुष्यं उभी राहतात. असा रुग्ण स्टेरॉइड सुरू झाल्यावर काही दिवसांत चालू-बोलू लागतो, घरच्यांना तो चमत्कारच वाटतो.

संशोधन मोठ्या शहरात, मोठ्या संस्थेतच होतं हा आपला समज तर महाराष्ट्रानेच खोटा पाडलेला आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर काम केलं. कोकणात विंचू चावून मुलं मरत होती, मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत होतं. डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांची नोंद केली, १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी वापरून दाखवलं आणि मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. रुग्ण होता, घड्याळ होतं, वही होती, आणि रुग्ण घरी गेल्यावरही त्याच्याबद्दल वाटणारी काळजी होती. पीयूषिकेच्या प्रश्नाला लागणारं सामान याहून फार वेगळं नाही.

मग हे काम करणार कोण? नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत एमडी करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. त्या तीन वर्षांत तो रात्रंदिवस राबतो आणि प्रबंधाचा विषय पुष्कळदा असा असतो की तो पूर्ण झाल्यावर कपाटात जातो. विद्यापीठाने यवतमाळ, अंबाजोगाई, नांदेड, धुळे, अकोला, कोल्हापूर, मिरज इथल्या औषधवैद्यक विभागांना एकच समान आराखडा द्यावा. ज्यांचं रक्त वीस मिनिटांत गोठलं नाही असे सगळे रुग्ण नोंदवायचे, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने बोलवायचं, दोन चाचण्या करायच्या, पुरुषाला दाढीबद्दल आणि बाईला पाळीबद्दल विचारायचं. एका महाविद्यालयातले रुग्ण थोडे पडतील, सात ठिकाणचे मिळून भारतात आजवर झाला नाही असा अभ्यास उभा राहील. केईएमसारख्या विभागाने त्याचं मार्गदर्शन करावं, अवघड रुग्ण आपल्याकडे घ्यावेत. वेगळा निधी फारसा लागणार नाही, हुकूम लागेल.

यातली खरी अडचण माणसं परत न येण्याची आहे, तिच्याबद्दल मी फार विचार केला आहे. सापाच्या रुग्णांत शेतमजूर आणि स्थलांतरित पुष्कळ. बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापूरच्या फडात दंश होऊन तिथल्या दवाखान्यात वाचतो आणि हंगाम संपला की गावी किंवा दुसऱ्या कामावर जातो. त्याला सहा महिन्यांनी कोल्हापूरला बोलावून तो येणार नाही, बुडालेली मजुरी त्याला कोण देणार? म्हणून पाठपुरावा रुग्णालयाकडे न ठेवता कागदाकडे द्यायला हवा. घरी सोडताना जे कार्ड देतात त्यावर ठळक मराठीत लिहावं: घोणस चावली होती, रक्त गोठत नव्हतं, अशक्तपणा, वजन घटणं, पाळी थांबणं, दाढी न वाढणं यांतलं काही झालं तर सकाळी आठ वाजताचं कोर्टिसोल आणि टी-४ तपासा. ते कार्ड घेऊन तो राज्यातल्या कुठल्याही आरोग्य केंद्रात गेला तरी समोरच्या डॉक्टरला चार वर्षांपूर्वीचा साप दिसेल. सर्पदंश कळवण्याची जी नवी पद्धत येते आहे, तिच्या नोंदीत मृत्यू किंवा बरा झाला या दोनच रकाने ठेवू नयेत, वर्षानंतरची स्थिती हा तिसरा रकाना आत्ताच घालावा. नोंदवही एकदा छापली गेली की रकाना वाढवायला वर्षं जातात.

बाळंतिणीच्या बाबतीत तर माणूस दारापर्यंत जातोच आहे. आशाताई बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत घरी भेटी देते, दूध येतंय का हे विचारते, कारण तिला बाळाची काळजी असते. त्याच प्रश्नाचं उत्तर आईबद्दलही काही सांगतं हे तिच्या प्रशिक्षणात नाही. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं आणि दूध आलंच नाही, एवढ्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर त्या बाईची नोंद वेगळी व्हावी. नवव्या महिन्यात बाळाला गोवराच्या लसीसाठी आणतील तेव्हा आईला पाळी परत आली का ते विचारावं. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी उशिरा येणं स्वाभाविक आहे. पण जिला दूधच नव्हतं आणि तरी नऊ महिन्यांत पाळी आली नाही, तिचं रक्त तपासायला हवं, त्याच दिवशी, त्याच केंद्रात. लसीकरणाच्या रजिस्टरमध्ये एका ओळीची जागा पुरते. पुढची भेट दीड-दोन वर्षांच्या बूस्टरच्या वेळी असतेच, पहिल्या वेळी राहून गेलं तर तेव्हा विचारता येईल.